भावंडांचे डोळेही तपासा

रेटिनोब्लास्टोमा या लहानग्यांच्या डोळ्याच्या कर्करोगात दहापैकी सुमारे चार मुलांना धोका जन्मतःच मिळालेला असतो. दोन्ही डोळ्यांत गाठी असतील, तर जवळजवळ प्रत्येकाला. तरीही गाठीवर उपचार झाले की कुटुंबाला घरी पाठवले जाते आणि धाकट्या भावंडाची चौकशी होतेच असे नाही. हे थांबले पाहिजे.

१९७१ मध्ये आल्फ्रेड नुडसन यांनी ४८ रुग्णांच्या नोंदींवरून अनुमान काढले, की या गाठीसाठी पेशीत दोन बिघाड व्हावे लागतात. आनुवंशिक प्रकारात पहिला जन्मापासूनच असतो. हे बिघाड ज्या जनुकात होतात, तेही १९८६ मध्ये सापडले. आज तो दोष रक्तचाचणीत शोधता येतो. मुलात तो सापडला, की भावंडांत नेमका तोच पाहायचा. आढळल्यास वारंवार तपासणी करून गाठ लहान असतानाच लेसरने किंवा गोठवून नष्ट करता येते, डोळा आणि दृष्टी वाचू शकते. नसल्यास त्या तान्ह्या जिवाची पुन्हा पुन्हा भूल घेण्यातून सुटका होते. आजारी मुलासाठीही हे कळणे महत्त्वाचे, कारण दोष असलेल्यांना पुढे हाडांच्या कर्करोगाचा धोका असतो आणि किरणोपचारांनी तो वाढतो.

‘आमच्या घराण्यात कुणालाच नव्हतं’ या उत्तरावर चाचणी सोडून देणे चूक आहे. अनेक मुलांत दोष नव्यानेच उद्भवलेला असतो. शिवाय निदान कळताच सुनेच्या माहेराकडे बोट दाखवणारी घरे आपल्याकडे कमी नाहीत. दोष आईइतकाच वडिलांकडूनही येऊ शकतो आणि त्यात अपराध कुणाचाच नसतो, हे समुपदेशकाने सासू-सासऱ्यांना समोर बसवून सांगायला हवे. अहवाल नुसता हातात ठेवणे हा त्या आईवर अन्यायच आहे.

खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ‘अॅक्ट्रेक’मध्ये कर्करोगाच्या आनुवंशिकतेवर काम चालते, पण गडचिरोलीच्या मजुराने मुलाला घेऊन तिथवर किती खेपा घालायच्या? नमुना जिल्हा रुग्णालयातून पाठवता येईल, समुपदेशन व्हिडिओ कॉलवर होईल. मुलाची व भावंडांची चाचणी हा उपचाराचाच भाग मानून सगळा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून व्हावा. चाचणीचा निकाल पुढे मुलाविरुद्ध वापरला जाऊ नये, यासाठी संरक्षणही हवे. अमेरिकेत २००८च्या कायद्याने आरोग्यविमा आणि नोकरीतील जनुकीय भेदभावाला मनाई आहे. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही, तो केंद्राने करावा. राज्याला मात्र त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. येत्या अर्थसंकल्पातच या चाचण्यांसाठी तरतूद करावी.