वेळ भरली नव्हती, वेग जास्त होता



आपल्या यवतमाळ जिल्ह्यातून पांढरकवड्यावरून नागपूर-हैद्राबाद महामार्ग जातो. कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा नागपूर-तुळजापूर महामार्ग जातो. वणी तालुक्यात कोळशाचे ट्रक धावतात. रस्ते रुंद झाले, गुळगुळीत झाले. चांगलेच झाले. परंतु ज्याचे घर रस्त्याच्या अलीकडे आणि शाळा, दुकान, बसथांबा पलीकडे, त्याने कसे ओलांडावे?

आपल्या वस्त्या पूर्वीपासून गावाच्या कडेला. गावाला वळसा घालून रस्ता काढला की अनेक ठिकाणी तो आपल्याच दारावरून जातो. गाडीत बसणारे दुसरे आणि पायी चालणारे आपण. कामाला निघालेल्या बाया, दप्तर घेतलेली पोरे, काठी टेकणारी म्हातारी माणसे. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे प्राणास मुकली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे पाचांत जवळजवळ एक.

मयताच्या दारात लोक म्हणतात, "वेळ भरली होती." आम्हाला हे मान्य नाही. साधा हिशेब करू. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते. चालकाला मूल दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो. त्यानंतर थांबायला आणखी तेवढेच अंतर लागते. एकूण २८ मीटर. वेग ३० असेल तर गाडी १३-१४ मीटरमध्ये थांबते. म्हणजे १५ मीटरवर आडवे आलेले मूल एका गाडीपुढे वाचते, दुसरीखाली जाते. भरलेल्या ट्रकला तर याहून जास्त अंतर लागते.

अपघात झाला की आपण काय करतो? रास्ता रोको. त्यात आपल्याच पोरांवर गुन्हे दाखल होतात. मग रातोरात मुरूम-दगडांचा उंचवटा टाकतो आणि अंधारात त्यावरून आपलाच मोटारसायकलवाला पडतो. नियमाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद व मध्यभागी १० सेंटिमीटर उंच, गोलसर असतो. त्यावर पट्टे असतात, आधी फलक असतो. महामार्गावर मात्र गतिरोधक मागू नका. तेथे भुयारी मार्ग किंवा पादचारी पूल मागा.

अर्ज अपघाताआधी करा. आम्ही कारकुनी करतो, म्हणून अनुभवाचे सांगतो. प्रथम रस्ता कुणाचा ते विचारा. नगरपरिषदेचा, जिल्हा परिषदेचा, सार्वजनिक बांधकाम खात्याचा की राष्ट्रीय महामार्ग? चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज टेबलावरून टेबलावर फिरतो. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या, कारण जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष तेच असतात. मोघम लिहू नका. शाळेच्या वेळी तासभर उभे राहून किती ट्रक गेले, किती मुलांनी रस्ता ओलांडला, ते मोजून लिहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली जड वाहनांना ठराविक रस्त्यावर, ठराविक वेळी बंदी घालता येते, हेही लिहा. महिला मंडळाच्या सह्या घ्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. ही भीक नाही. पदपथाचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी सांगितले आहे.

दुर्दैवाने अपघात झालाच, तर जखमीला लगेच दवाखान्यात न्या. नेणाऱ्याला पोलीस साक्षीची सक्ती करू शकत नाहीत. २०२५ च्या केंद्राच्या योजनेत सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंतचा उपचार विनारोख आहे. धडक देणारी गाडी पळून गेली व सापडली नाही, तरी मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापतीस ५० हजार रुपये मिळतात. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करावा. गाडीचा नंबर मिळाला असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जा. कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून तेरवी-पुण्यानुमोदन आटोपल्यावर पाहू, असे म्हणत बसू नका. पोलिसांत फिर्याद आणि तिची प्रत मात्र त्याच दिवशी हवी.

आणि थोडे आपल्या घरातही पाहू या. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या हाती मोटारसायकल देऊन कौतुक करणारे बाप आपल्या वस्तीतही आहेत. गल्लीत भरधाव जाणारा तो पोरगाच उद्या शेजारच्या आजीला उडवतो. अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड आहे.

येत्या रविवारी विहारात बसा. शिकलेल्या एका मुलाने वा मुलीने अर्ज लिहावा, बाकीच्यांनी सह्या कराव्यात. एक कागद आणि तासभर वेळ, एवढाच खर्च आहे.