स्पॅनिशची पदवी आणि माणिकपूरचे घर

बारावीचा निकाल लागला की माणिकपूरच्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : पुढे काय? अभियांत्रिकी, वाणिज्य, संगणक ही उत्तरे अपेक्षितच असतात. परंतु एखादी मुलगी 'स्पॅनिश घेऊन बी.ए. करायचे आहे' असे म्हणाली, तर घरात क्षणभर शांतता पसरते. हौस म्हणून सहा महिन्यांचा वर्ग ठीक. पण आयुष्याची तीन वर्षे परक्या भाषेला वाहायची? विरार लोकलच्या गर्दीत उभे राहून संसार उभा करणाऱ्या वडिलांच्या मनात ही शंका आली, तर ती हसण्यावारी नेणे योग्य नव्हे. तिला उत्तर दिले पाहिजे.

पहिली शंका उपयुक्ततेची. स्पॅनिश ही वीस देशांची राजभाषा आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरावर शिकविण्याजोग्या परदेशी भाषांत तिचा नामोल्लेख केला आहे. म्हणजे पुढे शिक्षकही लागणार. जगाशी व्यापार आणि राजनय करू पाहणाऱ्या देशाने प्रत्येक वेळी इंग्रजीच्याच खिडकीतून बाहेर पाहावे काय?

दुसरी शंका अधिक खोलवरची. परक्यांची भाषा शिकून आपले काय राहील? या प्रश्नाचे उत्तर वर्ध्याच्या एका सुपुत्राने आपल्या आयुष्याने देऊन ठेवले आहे. पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीतील क्रांतिकारक. मायदेशाची दारे बंद झाल्यावर ते मेक्सिकोत पोहोचले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले आणि तेथील गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. हे सारे स्पॅनिशभाषी समाजात, त्याच्याच भाषेत. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना चितारले. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ साली नागपुरात त्यांनी देह ठेवला. स्पॅनिशने त्यांचे देशप्रेम तसूभरही कमी केले नाही.

आणि वसईकरांनी तर ही शंका घेऊच नये. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली, ती १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी जिंकेपर्यंत त्यांच्याकडे राहिली. त्यातही १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचे सिंहासन स्पेनच्या राजाकडे होते. म्हणजे माणिकपूरपासून जवळच असलेल्या त्या किल्ल्याचा धनी साठ वर्षे माद्रिदच्या दरबारात बसत होता! या दोन शतकांचे दप्तर गोव्यात आणि लिस्बनमध्ये पोर्तुगीज भाषेत आहे. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरखान्यात आयुष्य वेचले, म्हणून 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ मराठी वाचकाच्या हाती आला. शिवरायांचे कॉस्मे द गार्दा याने लिहिलेले चरित्र १७३० साली लिस्बनमध्ये छापले गेले, तेही पोर्तुगीजमध्येच. स्पॅनिश आणि पोर्तुगीज या सख्ख्या बहिणी. एकीची व्याकरणासह नीट ओळख झाली की दुसरी वाचणे थोड्या परिश्रमांनी साधते. जुन्या हस्ताक्षराचा अभ्यास मात्र वेगळा करावा लागतो. चिमाजीअप्पांचा विजयोत्सव साजरा करणाऱ्या गावातून ही कागदपत्रे मुळातून वाचणारी चार मुले निघू नयेत, ही खंत बाळगण्यासारखी गोष्ट आहे. आपला इतिहास आपण किती दिवस दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचणार?

तिसरी शंका व्यवहाराची. स्पॅनिश मुख्य विषय घेऊन पदवी घ्यायची तर दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ किंवा हैदराबादचे इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ ही नावे प्रथम समोर येतात. दिल्लीचे नाव निघताच कित्येक घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. परंतु विद्यापीठातील घोषणा निराळ्या आणि तेथील भाषाकेंद्राचे काम निराळे. तेथे मुळाक्षरांपासून भाषा शिकवतात आणि प्रवेश सामायिक परीक्षेतून मिळतो. ज्या घराने मुलीवर अठरा वर्षे संस्कार केले, त्या घराला आपल्या संस्कारांवर एवढा विश्वास नसावा?

एक सावधगिरी मात्र हवीच. केवळ भाषा येते, एवढ्या भांडवलावर आता निभाव लागणे कठीण. साधी पत्रे आणि माहितीपत्रके यंत्रच भाषांतरित करू लागले आहे. खानखोज्यांजवळ स्पॅनिशबरोबर कृषिशास्त्र होते, पिसुर्लेकरांजवळ पोर्तुगीजबरोबर इतिहास. म्हणून भाषेच्या जोडीला इतिहास, कायदा, व्यापार किंवा शेती यांपैकी एखादा विषय पक्का करावा. आणि मराठी तर त्याहूनही पक्की हवी. स्पॅनिश साहित्य मराठीत आजवर बहुतांशी इंग्रजीच्या पुलावरून आले. ज्ञानोबा-तुकोबांचा विचार थेट स्पॅनिशमध्ये नेणारा आणि तिकडचे उत्तम ते थेट मराठीत आणणारा अभ्यासक घडायचा, तर त्याचे दोन्ही पाय भक्कम हवेत.

तेव्हा मुलीने स्पॅनिशचे नाव काढले, तर नकार देण्यापूर्वी वडिलांनी तिला एकदा वसईच्या किल्ल्यात न्यावे. तेथील पडक्या भिंतींवरच्या शिलालेखांपुढे उभे करून, यातले काय वाचता येते, असे विचारावे. उत्तर 'काहीच नाही' असेच येईल. ते उत्तर बदलण्याची इच्छा तिच्या डोळ्यांत दिसली, तर प्रवेशअर्जावर सही करायला हरकत नसावी.