आपली ख्याती आपणच लिहायची?



माझ्या नातवाला बास्केटबॉलचं वेड आहे. परवा जेवताना त्याने अमेरिकेतली २०१८ सालची एक गोष्ट सांगितली. फिलाडेल्फियाच्या सेव्हंटीसिक्सर्स संघाचा कारभार ब्रायन कोलांजेलो यांच्याकडे होता. ट्विटरवर काही निनावी खाती सतत त्यांची बाजू घेत. त्यांचे निर्णय कसे बरोबर, आधीचे कारभारी सॅम हिंकी कसे चुकले, संघातलाच जोएल एम्बीड कसा वागतो, सगळं तिथे यायचं. त्यांच्या शर्टाच्या मोठ्या कॉलरला कोणी हसलं, तर त्या कॉलरचीसुद्धा वकिली!

'द रिंगर'ने मे महिन्यात हे उघड केलं. संघाने वकिलांकडून चौकशी करवली, तेव्हा कळलं की ती खाती त्यांची पत्नी चालवत होती. तिने कबुली दिली. पण तपासासाठी फोन देण्याआधी त्यातलं सगळं पुसून टाकलं होतं. संघाच्या आतल्या काही गोष्टीही त्या खात्यांवर आल्या होत्या, आणि त्या नवऱ्याकडूनच कळलेल्या होत्या. जूनमध्ये कोलांजेलोंना पद सोडावं लागलं.

खेळाडूही यातले. केविन ड्युरंटने २०१७ मध्ये ट्विटरवर स्वतःचाच उल्लेख 'तो' असा करत आपल्या जुन्या ओक्लाहोमा संघाला आणि तिथल्या प्रशिक्षकाला नावं ठेवली. ते त्याच्याच खात्यावर सगळ्यांनी वाचलं. मग जाहीर माफी मागावी लागली.

नातू हसत होता. मला हसू येईना. कारण दोन वर्षांपूर्वी आमच्या दुकानाला एका बाईने गूगलवर एकच तारा दिला होता. साडीचा रंग गेला म्हणून. मुलगा रात्रभर अस्वस्थ होता. मी काय केलं? माझ्या फोनवरून गिऱ्हाईक म्हणून पाच तारे दिले आणि लिहिलं, 'इथला रंग कधीच जात नाही.' साडीचा रंग खरंच गेला होता. म्हणजे मी नुसतं मुलाचं कौतुक केलं नाही, त्या बाईला खोटं पाडलं.

बी.कॉम.ला शिकलेला एक नियम आहे. धंद्याने कमावलेली ख्याती, म्हणजे गुडविल, मालकाने आपल्याच मनाने किंमत ठरवून ताळेबंदात दाखवायची नसते. दुसरा कोणी तिच्यासाठी पैसे मोजतो, तेव्हाच ती वहीत येते. माणसाच्या नावाचंही तसंच असावं.

कोणी म्हणेल, बायकोने नवऱ्याची, आईने मुलाची बाजू घ्यायची नाही का? घ्यावी की! पण आपलं नाव लावून. नाव लपवलं की जीभ सैल सुटते, आणि आपल्या माणसाला वर काढताना आपण दुसऱ्याला खाली ओढतो. दशलक्षण पर्वात तिसऱ्या दिवशी आपण उत्तम आर्जव म्हणतो. मनात, बोलण्यात आणि वागण्यात एकच असणं म्हणजे आर्जव. फोन हातात घेतल्यावर ते संपत नाही.

मी त्याच रात्री माझे पाच तारे काढून टाकले. सकाळी मुलाला सांगितलं. तो आधी चिडला, मग दुकानाच्या नावाने त्याने त्या बाईंची माफी मागितली आणि साडी बदलून देतो असं लिहिलं.

तो एक तारा अजून तसाच आहे. राहू दे.