दिलाशाचाही एक इमोट हवा

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जोडलेल्या हातांचे चिन्ह किती कामे करते ते पाहा. सकाळचा नमस्कार तेच, शुभेच्छांचे आभार तेच आणि कुणी गेल्याची बातमी आली की श्रद्धांजलीही तेच. शब्द सुचत नाहीत तेव्हा आपण हाताशी असलेले चित्र उचलतो. हाताशी चित्रच नसेल, तर ती भावना बहुधा बोललीच जात नाही. याचे ठळक उदाहरण ‘व्हीट्यूबर’च्या चाहत्यांमध्ये सापडते.

व्हीट्यूबर म्हणजे पडद्यावर ॲनिमेशनमधले पात्र आणि त्यामागे खरा माणूस. त्याच्या डोळ्यांची उघडझाप, ओठांची हालचाल कॅमेरा टिपतो आणि पात्र तसेच हलते. जपानच्या किझुना आईने २०१६ मध्ये हा प्रकार लोकप्रिय केला. आज जगभर तरुण मुले-मुली तासन् तास अशी थेट प्रक्षेपणे पाहतात. शेजारी चॅट धावत असते. त्या चॅटमध्ये वापरायची, त्या पात्राच्याच चेहऱ्याची छोटी चित्रे म्हणजे इमोट. ती चित्रकाराकडून पैसे देऊन खास काढून घेतली जातात. म्हणजे समूहाला कोणत्या भावना व्यक्त करता येतील, हे अक्षरशः ऑर्डर देताना ठरते.

आणि ऑर्डर कसली दिली जाते? हसणे, धक्का बसणे, जल्लोष, रडण्याचे नाटक. हे सगळे हवेच, मजा त्यातच आहे. पण रात्री दोन वाजता कुणी ‘आज फार एकटं वाटतंय’ असे लिहिले, तर बाकीच्यांच्या हाती काय असते? तेच रडण्याचे नाटक. सांत्वन करायला गेलेल्याचीही मग थट्टा केल्यासारखी दिसते. म्हणून माझे म्हणणे असे की, पहिल्या पाच-सहा इमोटमध्ये एक दिलाशाचा आणि एक ‘मी ऐकतोय’ असे सांगणारा असलाच पाहिजे. ‘आता झोपा’ म्हणणाराही असावा. त्याची गरज सगळ्यांत जास्त, हे कोणतीही आई सांगेल.

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये टीव्हीवरील व्यक्तींशी प्रेक्षकांचे जडणारे एकतर्फी नाते वर्णिले होते. व्हीट्यूबरच्या बाबतीतही तो धोका आहे. हजारो जण पाहत असताना ती प्रत्येकाला उत्तर देऊ शकत नाही, आणि तिने द्यावे अशी अपेक्षाही चुकीची. पण चॅटमधले इतर प्रेक्षक देऊ शकतात. त्यांच्यातले नाते एकतर्फी नसते, म्हणून दिलाशाचा इमोट मुळात त्यांच्यासाठी. तो समुपदेशकाची जागा घेणार नाही, हे उघड आहे. तरी कुणीतरी दखल घेतली एवढे त्यातून नक्की कळते. उलट फास किंवा गोळ्यांची बाटली असले ‘विनोदी’ इमोट कुणी मागितलेच, तर चित्रकाराने सरळ नकार द्यावा.

आता थोडे डोळ्यांविषयी. ट्विचवर इमोटचा सर्वांत लहान आकार २८ बाय २८ पिक्सेल असतो. चेहरा दिसल्यावर साधारण १७० मिलिसेकंदांत मेंदू त्याची दखल घेतो, पण इतक्या छोट्या चित्रातले बारकावे वाचायला धावत्या चॅटमध्ये सवड नसते. ओळख पटते ती बाह्यरेषेवरून. म्हणून दिलाशाच्या इमोटला नुसते सौम्य हसू पुरत नाही. पुढे आलेला हात किंवा पांघरूण असा वेगळा आकार हवा. मासाकी युकी आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या अभ्यासात जपानी लोक भावना ओळखताना डोळ्यांवर, तर अमेरिकी लोक तोंडावर अधिक भर देतात असे आढळले. प्रेक्षक दोन्हीकडचे असतील, तर डोळे आणि ओठ एकच गोष्ट सांगत आहेत ना, हे पाहावे. लाल-हिरव्याच्या फरकावर अर्थ सोपवू नये. युरोपीय वंशाच्या सुमारे ८ टक्के पुरुषांना तो फरक नीट दिसत नाही.

हलत्या इमोटबाबत तर तडजोडच नको. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागातील लाल-निळ्या लखलखाटानंतर सुमारे ६८५ प्रेक्षकांना रुग्णालयात न्यावे लागले, त्यांत बहुतेक मुले होती. संकेतस्थळांसाठीचे सुगम्यतेचे निकष सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट टाळायला सांगतात. जल्लोषाच्या क्षणी एकच इमोट पडद्यावर पन्नास वेळा उमटतो, हे लक्षात घेता मी तर लखलखाट मागूच नये असे म्हणेन.

एक गोष्ट मात्र ऑर्डर देताना क्वचितच बोलली जाते. गॉर गुरा या चाळीस लाखांहून अधिक सदस्य असलेल्या व्हीट्यूबरने १ मे २०२५ रोजी निरोप घेतला. असे निरोप या क्षेत्रात होतच असतात. सशुल्क सदस्यत्वाशी जोडलेले इमोट सदस्यत्व संपले की वापरता येत नाहीत. म्हणजे जवळचे कुणी निघून गेले आणि सदस्यत्वही संपले की ते दुःख बोलायची चित्रेही हातची जातात. तेव्हा निरोपानंतरही चाहत्यांना ती आपसात वापरता येतील का, हे मानधन ठरवतानाच चित्रकाराला आणि पात्राचे हक्क असणाऱ्या संस्थेला विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.