काउंटरच्या अलीकडचं भिंग

गेले तीन-चार शनिवार मी घरभर एक डोळा मिटून फिरतोय, असा आईचा आरोप आहे. आरोप खरा आहे. मी एक लूप घेतलाय. लूप म्हणजे सोनाराकडे, घड्याळजीकडे असतं ते डोळ्याला लावायचं छोटं भिंग. त्यातून आत्तापर्यंत मीठ, आईच्या पैठणीची जर, पाचशेची नोट, मोबाइलच्या स्क्रीनवरचे लाल-हिरवे-निळे ठिपके आणि (कृपया हसू नये) एक मेलेली मुंगी असं सगळं बघून झालंय. मुंगी भारी दिसते.

खरं कारण वेगळंच होतं. साखरपुडा ठरलाय, अंगठी घ्यायचीय, आणि सोनं-हिरे या विषयात माझं ज्ञान जवळजवळ शून्य. नवीन लॅपटॉप घेताना पंधरा दिवस रिव्ह्यू वाचणारा माणूस मी. त्याहून महाग वस्तू ट्यूबलाइटच्या लखलखाटात दहा मिनिटांत कशी काय घ्यायची? पण तेही अर्धंच कारण. उरलेलं अर्धं २०१७ सालचं आहे.

तेव्हा मी इंजिनीअरिंगच्या थर्ड इयरला होतो. बाबांचं ऑपरेशन अचानक ठरलं आणि आईने लग्नातला पोहेहार मोडायला काढला. साडेतीन तोळ्यांचा. १९९४ साली ज्या दुकानातून तो घेतला होता तिथेच आम्ही गेलो. आजोबांपासूनचे संबंध, गेल्या गेल्या चहा, "वहिनी, घरचंच दुकान आहे" वगैरे. मग शेठजींनी ड्रॉवरमधून भिंग काढलं. हाराचा एकेक सांधा फिरवून बघितला, कसोटीवर घासून बघितलं आणि म्हणाले, "डाग बराच आहे हो यात. एवढी घट धरावीच लागेल." पस्तीस ग्रॅममधले चार ग्रॅम गेले. डाग म्हणजे सांधे जोडायला वापरतात तो हलक्या कसाचा धातू. तो लावल्याशिवाय असा हार होत नाही, हे मान्य. पण विकताना त्याच डागाचे पैसे बावीस कॅरेटच्या भावाने घेतले होते, हे आईच्या लक्षात आलं. ती काहीच बोलली नाही. पैसे मोजून घेतले आणि आम्ही बाहेर पडलो.

मला तेव्हापासून डाचतंय ते हे, की भिंग त्या ड्रॉवरमध्ये १९९४ सालीही असणारच. घेताना विश्वास, मोडताना भिंग. आणि ते कायम काउंटरच्या पलीकडेच!

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. दागिना घ्यायला जाताना भिंग आपल्या खिशात असावं, आणि ते लाज न वाटता बाहेर काढावं.

आता थोडी तांत्रिक बडबड, सवयीप्रमाणे. लूप घ्यायचा तो १० एक्सचाच. ऑनलाइन ३० एक्स, ६० एक्स असं छापलेले, लाइटवाले लूप स्वस्तात मिळतात. मीही आधी तोच घेतला आणि फसलो. साध्या भिंगाचं गणित असं: २५ सेंटिमीटर भागिले नाभीय अंतर म्हणजे मोठेपणा. दहापट हवं तर अंतर अडीच सेंटिमीटर, म्हणजे साधारण इंचभर. खरोखर तीसपट हवं असेल तर ते आठ मिलिमीटरवर येतं. पापण्या हिऱ्याला लागतील, उजेड आत शिरणार नाही आणि दिसेल तेवढा भाग मोहरीएवढा. चांगला लूप ट्रिपलेट असतो, म्हणजे आत तीन भिंगं एकत्र जोडलेली. त्यामुळे कडेला रेघा वाकत नाहीत आणि काळ्या रेघेला रंगीत किनार दिसत नाही. आलेख-कागद धरून बघा, लगेच कळतं. दोघांच्या हॉटेलच्या बिलाएवढ्या पैशांत बरा लूप येतो.

धरायचा कसा, तर भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवायचं आणि वस्तू त्याच्याकडे आणायची. आपण नेमकं उलट करतो, शेरलॉक होम्ससारखे हात लांब करून. कोपरं टेबलावर टेकवायची, दोन्ही हात एकमेकांना टेकवायचे म्हणजे थरथर थांबते. आणि दोन्ही डोळे उघडे! एक डोळा मिटला की पाच मिनिटांत डोकं दुखतं. (मी अजून शिकतोय. म्हणून वरचा आरोप.)

दहापटच का, याला आणखी एक कारण आहे. हिऱ्याच्या क्लॅरिटीची जी भाषा दुकानात ऐकू येते, व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय, ती जीआयए या अमेरिकन संस्थेने १९५०च्या दशकात बसवलेल्या पद्धतीतली आहे आणि ती सगळी दहापट भिंगाला बांधलेली आहे. फ्लॉलेस म्हणजे जगात कुठेच दोष नाही असं नव्हे, तर तयार नजरेला दहापटीत दिसत नाही. व्हीव्हीएस म्हणजे तयार नजरेलाही शोधायला अवघड. यातून आपल्यासारख्या नवशिक्यासाठी एक झकास नियम निघतो: मला जर पाच सेकंदांत काळा ठिपका दिसला, तर तो हिरा व्हीव्हीएस असणं कठीण.

हा नियम वापरायची वेळ मागच्या रविवारी आलीच. दुकानाचं नाव जाऊ द्या. सेल्समनने "सर, व्हीव्हीएस आहे" म्हणून अंगठी पुढे केली. मी लूप लावला. वरच्या सपाट पैलूच्या कडेजवळ ठिपका. "धूळ असेल सर." पुसून दिली. ठिपका तिथेच. फुंकर मारली, फिरवून बघितली, तिथेच. धूळ पृष्ठभागावर असते, पुसली की जाते नाहीतर सरकते. हा आत होता. बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट आहे का विचारलं, तर दुकानाचंच गॅरंटी कार्ड पुढे आलं. मी "थँक यू" म्हणून उठलो.

बाबा घरी येईपर्यंत बोलले नाहीत. जेवताना म्हणाले, "माणसाला असं चार लोकांत खोटं पाडतात का? नको होतं तर नको म्हणायचं." आता बाबा तीस वर्षं बँकेत कॅशियर होते, 'काउंटर सोडण्यापूर्वी पैसे मोजून घ्यावेत' या पाटीखाली बसून. मी म्हटलं, तुमच्यासमोर नोटा मोजणाऱ्या माणसाचा तुम्हाला कधी राग आला का? ते म्हणाले, "ते वेगळं." वेगळं कसं, ते मात्र सांगितलं नाही. आमच्या ऑफिसात पंधरा वर्षं मुरलेल्या आर्किटेक्टचा कोडही दुसऱ्याने बघितल्याशिवाय मर्ज होत नाही. त्यात कोणी कोणाला चोर म्हणत नाही. तपासणं हा अविश्वास आहे, ही समजूत ज्याला तपासायचं असतं त्याला नेहमी महागात पडते.

आणि सोन्याच्या बाबतीत तर हा आपला मान्य हक्क आहे. हॉलमार्क विकणाऱ्या नोंदणीकृत सोनाराने गिऱ्हाइकाला खूण बघता यावी म्हणून किमान १० एक्सचं भिंग दुकानात ठेवायचं असतं, ही बीआयएसची अट आहे. मागून बघा एकदा. खुणा तीन: बीआयएसचा त्रिकोणी लोगो, शुद्धता (२२के९१६ म्हणजे बावीस कॅरेट, ९१.६ टक्के) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. लेसरने कोरलेल्या असतात आणि नुसत्या डोळ्यांना ओरखड्यासारख्या दिसतात. १ एप्रिल २०२३पासून या सहा अंकी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. क्रमांक भिंगाने वाचायचा, बीआयएस केअर ॲपमध्ये टाकायचा आणि दागिन्याचा प्रकार व शुद्धता जुळते का बघायचं. पुढे कस कमी निघाला तर फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो. मात्र दोन ग्रॅमच्या आतले दागिने आणि कुंदन, पोलकी, जडाऊ यांना सक्ती नाही. तिथे पावती नीट लिहून घेणं एवढंच हातात राहतं.

भिंगाला सगळं कळतं असं मात्र नाही. सोनं किती कॅरेटचं हे त्यातून दिसत नाही. दिसतात खुणा, सांधे आणि कडेला उडालेला मुलामा. मोयसनाइट बऱ्याचदा पकडता येतो: खडा थोडा तिरका धरून बघितला तर मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, हिऱ्यात दिसत नाहीत. पण खाणीतला हिरा आणि लॅबमध्ये वाढवलेला हिरा यांतला फरक लूपने सांगतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. दोन्ही हिरेच. त्यासाठी लॅबची यंत्रं लागतात. आपण फार तर खड्याच्या कंबरेवर लेसरने लिहिलेला रिपोर्ट नंबर वाचून कागदाशी ताडून बघू शकतो, तोही मध्ये कोंदणाचा दात आला नाही तर.

एक गोष्ट राहिली. आजीच्या अंगठीत पणजोबांनी दिलेलं माणिक आहे, घरात त्याला 'बर्माचं' म्हणतात. तेही लूपखाली धरलं. आत ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक वक्र रेघा. खाणीतल्या माणकात वाढीच्या रेघा सरळ, कोनात असतात. वक्र रेघा म्हणजे भट्टीतलं माणिक, वर्नुई नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०२ साली जाहीर केलेल्या पद्धतीचं. माझ्या नजरेवर विसंबायला नको म्हणून लॅबमध्ये दाखवून आणलं. सिंथेटिक. आजी ८४ वर्षांची आहे, अंगठी ती कधीच विकणार नाही. तिला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. इथे कुठला सौदाच नाही, तर भिंगाचं काय काम?

आईला मात्र सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि लूप मागितला. "दोन्ही डोळे उघडे ना?" म्हणून विचारलं आणि हातातल्या बांगड्या काढून खिडकीशी बसली. तासभर. काल शनिवारी लूप शोधतोय तर सापडेना. आई तो पर्समध्ये टाकून मावशीबरोबर लक्ष्मी रोडला गेली होती. मावशीला मंगळसूत्र घ्यायचंय म्हणे.

मला दुसरा मागवावा लागणार. अंगठी अजून राहिलीच आहे.