दुधासारखं दिसणारं औषध

गेल्या वर्षी अम्मीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. भूल देण्याआधी सिरिंजमधलं पांढरंशुभ्र औषध पाहून तिनं हातच मागे घेतला. "ये दूध कायको टोच रहे?" असं तिनं विचारलं. "काही होत नाही, हात द्या," एवढंच उत्तर मिळालं. शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला प्रश्न तोच होता आणि तिच्या शिक्षक मुलाला उत्तर येत नव्हतं. त्याची मला लाज वाटली, म्हणून मी वाचलं.

ते औषध म्हणजे प्रोपोफॉल. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. पण नुसतं तेल शिरेत टोचलं तर फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबून जीव जाऊ शकतो. सुरुवातीला ते दुसऱ्या एका विद्रावकात मिसळून दिलं, तेव्हा काही रुग्णांना तीव्र अॅलर्जी झाली. मग सोयाबीनच्या तेलाचे एका मायक्रॉनहूनही बारीक थेंब करून ते पाण्यात पसरवले. थेंब पुन्हा एकत्र येऊ नयेत म्हणून त्यांच्याभोवती अंड्याच्या बलकातलं लेसिथिन असतं. त्याचं एक टोक तेलाकडे, दुसरं पाण्याकडे. हे रूप ब्रिटनमध्ये १९८६ साली वापरात आलं. प्रोपोफॉल शोधणारे जॉन ग्लेन हे मुळात जनावरांचे डॉक्टर. २०१८ साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

अशा मिश्रणाला मराठीत पायस म्हणतात, उर्दूत मुस्तहलब. हा उर्दू शब्द अरबीतल्या दूध काढण्याच्या धातूवरून आला आहे. म्हणजे अम्मीचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता! दूध हेही पायसच.

हीच युक्ती औषध हळूहळू सोडण्यासाठीही कामी येते. प्रोस्टेटच्या कर्करोगावरचं ल्युप्रोलाइड घ्या. पाण्यातलं औषध पॉलिमरच्या द्रावणात, ते द्रावण पुन्हा पाण्यात, असं दुहेरी पायस करतात. विद्रावक उडून गेला की सूक्ष्म कण उरतात. ते शरीरात सावकाश विरघळतात आणि रोजच्या सुईऐवजी महिन्याला एक सुई पुरते.

आता माझं म्हणणं. "यात काय आहे?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. हलाल-हरामच्या काळजीनं विचारला असो वा अॅलर्जीच्या भीतीनं, तो रुग्णाचा हक्क आहे. अंड्याची किंवा सोयाची अॅलर्जी असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. पण औषधात अंडं आहे हेच ठाऊक नसेल तर सांगणार कसं? उत्तर न मिळालेल्या प्रश्नातूनच मोहल्ल्यात अफवा जन्मतात आणि मग आपल्याच लोकांना अंधश्रद्ध ठरवलं जातं.

पण दोष फक्त डॉक्टरांचा नाही. आपण शिक्षक कलिल आणि पायस यांच्या व्याख्या पाठ करून घेतो, दुधाचा पेला वर्गात आणत नाही. मोहल्ल्यातल्या आरोग्य शिबिरांत साखर आणि रक्तदाब मोजतात. तिथेच एखाद्या डॉक्टरनं दहा मिनिटं उर्दू-मराठीत लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली तर खर्च शून्य येईल.

घरी आल्यावर अम्मीला हे सगळं समजावलं. ती म्हणाली, "इतनीच बात थी, तो पहलेच बोलना था ना!"