करुणरसाचे रसिक

छिंदवाड्यापासून वेगळा होऊन २०२३ साली जो पांढुर्णा जिल्हा झाला, त्यातील सौंसर येथे मागे माझे गाणे होते. दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर. यजमानांनी गोटमार पाहण्यासाठी आग्रहाने ठेवून घेतले.

जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड झेंडा म्हणून रोवलेले. एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्या तीरावर सावरगाव आणि मध्ये दगडांचा वर्षाव. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी पळवून नेत असता ती दोघे नदीतच दगडांच्या माऱ्यात सापडून मेली, अशी आख्यायिका आहे. कथा करुण खरी; पण तिच्या आठवणीखातर दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात; काही प्राणासही मुकली आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. ते कोणास रुचले नाहीत.

आम्ही एका गच्चीवर बसलो होतो. एका पोराच्या कपाळावर दगड बसला आणि गच्चीवरून "वाहवा!" उठली. मी दचकलो. बैठकीत एखादा स्वर काळजाला लागला की हीच दाद उठते. माझ्याही तोंडून उठते.

माझे वडील दरबारी गवई. नाट्यसंगीत मी घरातच ऐकले. 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग २० फेब्रुवारी १९१९ रोजी आपल्या बडोद्यास झाला. तो पाहण्यास गडकरी नव्हते. २३ जानेवारीस सावनेर येथे त्यांचा अंत झाला होता. सौंसरहून नागपूरकडे येताना हेच सावनेर लागते. तेथे मनात आले : सिंधूचे हाल पाहून रडण्यासाठी तिकीट काढणारे आपण आणि ते गच्चीवरचे प्रेक्षक, यांत अंतर किती?

शास्त्राचे उत्तर आहे. रंगभूमीवरील शोक कोणा एकाचा राहत नाही. म्हणूनच त्याचा रस होतो. पडदा पडताच सिंधू उठून रंग पुसते; जामच्या पात्रात पडलेला मुलगा उठेलच असे नाही. हे मला मान्य आहे. पण गाणारा गळा तर खऱ्या माणसाचा असतो!

काही वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी, वडील जाऊन महिनाही झाला नसता, एक करुण पद गायली. असे ती पूर्वी कधी गायली नव्हती. 'वन्समोअर' आला. तिने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. ती पुन्हा गायली. पांढुर्ण्याहून परतल्यावर मी तिची क्षमा मागितली. ती एवढेच म्हणाली, "गुरुजी, तुम्ही थांबवाल असे वाटले होते."

करुण कलेचा आनंद हे पाप नव्हे. परक्याच्या दुःखाने डोळे भरू शकतात, हे आपण तेथेच शिकतो. पण समोर सोसणारे माणूस खरे आहे की सोंग, हे पाहणे रसिकाचे कर्तव्य आहे. खरे असेल, तर दाद आवरावी आणि गच्चीवरून खाली उतरावे.